किकरी वाजली नाही

सहलीच्या अर्जात एक रकाना असतो, 'स्थळाचे ऐतिहासिक महत्त्व'. किनवटकडच्या एका महाविद्यालयात मी इतिहास शिकवतो आणि दर वर्षी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाच्या पंचवीस-तीस मुलामुलींना घेऊन आदिलाबाद जिल्ह्यात अभ्याससहल नेतो. पहिली चार वर्षं त्या रकान्यात मी एकच वाक्य भरत होतो : 'उटनूर येथील गोंडकालीन किल्ल्याचे भग्नावशेष.' प्राचार्यांची सही व्हायची, दोन क्रुझर ठरायच्या आणि पहाटे पाचला आम्ही निघायचो.

पाचव्या वर्षी, निघायच्या आदल्या दिवशी, हेच वाक्य मी फळ्यावर लिहिलं. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. मांडवीकडच्या गुड्यावरून येणारी, गोंड घरातली. दोन वर्षांत तिनं वर्गात स्वतःहून काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं.

"सर, गोंडकालीन म्हणजे कधीपर्यंत?"

मी सवयीनं सांगून टाकलं. चांद्याच्या गोंड राज्याची सत्ता खाली उटनूरच्या डोंगरपट्ट्यापर्यंत होती, 1751 मध्ये नागपूरकर भोसल्यांनी चांदा घेतलं, तिथवर. ती "बरं" म्हणाली, वहीत 1751 लिहिलं आणि खाली बसली.

ते 'बरं' माझ्या मनातून जाईना. यादवकालीन, शिवकालीन, पेशवेकालीन हे शब्द आपण सहज वापरतो, कारण ते राज्यांचे काळ आहेत आणि ती राज्यं संपली. त्याच ओळीत मी 'गोंडकालीन' बसवला होता. पण 'गोंड' हे घराण्याचं नाव नाही, माणसांचं आहे. ती माणसं माझ्या हजेरीपटावर होती. एका शब्दात मी त्यांचा काळ संपवला होता आणि चार वर्षं त्याखाली सही घेत होतो. शिवाय 1751 ला चांदा घेणारे आपलेच. उटनूरच्या पडक्या भिंतीपुढे उभं राहून हळहळणाऱ्या मराठी शिक्षकानं ही गोष्ट मुलांना सांगायला हवी होती. मी ती परीक्षेतल्या एका गुणाच्या उत्तरासारखी उरकत आलो होतो.

आमचा किनवट तालुका 1956 पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राज्यांची फेररचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा इकडे आले, बाकीचा जिल्हा आंध्रात गेला, 2014 ला तेलंगणात. पुढे 2016 ला त्या जिल्ह्याचेही चार तुकडे झाले. मधे सीमा आली तरी नातीगोती राहिली. दोन्हीकडे सोयरिकी आहेत, बाजार आहेत, तीच कुळं आहेत. आदिलाबादेत म्हाताऱ्या गोंड माणसाशी मराठीत बोललं की तो मराठीत उत्तर देतो. 1940 च्या दशकात मारलावाईला गोंड मुलांसाठी शिक्षणकेंद्र निघालं, तेव्हा गोंडी भाषेची पहिली पाठ्यपुस्तकं देवनागरीत छापली गेली, तीही याच सलगीमुळे. म्हणजे आमच्या मुलांना हा परदेश नाही. घरच्यासारखं वाटतं, आणि घरच्यासारखं वाटतं म्हणूनच विचारायचं राहून जातं, हे मला त्या वर्षी कळलं.

उटनूरचा किल्ला फार मोठा नाही. दौलताबाद किंवा माहूर पाहिलेल्या मुलाला तो चटकन संपतो. दगडी भिंती, मधे माजलेली झुडपं, भिंतीवर कोरलेली प्रेमिकांची नावं. आमच्यातली दोन मुलं रील करायला ढासळलेल्या बुरजावर चढली. खाली शेळ्या चारणारा दहा-बारा वर्षांचा पोरगा त्यांच्याकडे बघत होता. मी मुलांना ओरडून खाली बोलावलं, ते पडतील म्हणून. दगड निखळतील हे माझ्या मनात नंतर आलं. तो दगड कुणाचा आहे, हे तर आलंच नाही.

त्या वर्षी मी एक खास बेत केला होता. उटनूरजवळच्या गावातल्या एका वयस्क परधानांना ओळखीतून निरोप धाडला होता : मुलांना अर्धा तास किकरी ऐकवा, गोंडांच्या उत्पत्तीची कथा थोडक्यात सांगा, मानधन देऊ. किकरी हे तीन तारांचं, गजानं वाजवायचं वाद्य. गोंडांची कुळं, देव, लढाया, स्थलांतरं हे सगळं परधानांच्या तोंडी आहे, पिढ्यान्‌पिढ्या. आपण ज्याला दफ्तर म्हणतो ते त्यांच्या गळ्यात असतं. मुलांना हे प्रत्यक्ष ऐकवावं हा हेतू चांगला होता, आजही मला तो चांगलाच वाटतो. चूक 'अर्धा तास' आणि 'थोडक्यात' या शब्दांत होती.

ते आले. पांढरं धोतर, डोक्याला पटका, कापडात गुंडाळलेली किकरी काखेत. "रामराम गुरुजी," म्हणाले आणि झाडाखाली बसले. मुलं गोल करून बसली, मोबाइल वर झाले. किकरी काही कापडातून बाहेर येईना. मी आठवण केली. ते अगदी सौम्यपणे म्हणाले,

"गुरुजी, मी यजमानाच्या घरी वाजवतो. देवाच्या वेळेला वाजवतो. तुम्ही माझे यजमान नाही."

"मुलांना नुसती ओळख व्हावी म्हणून..."

"ओळख द्यायलाच आलो. वाजवायला नाही आलो."

परधान आणि गोंड यांचं नातं वंशपरंपरेचं असतं. अमुक परधान अमुक कुळाचा, त्यांच्या पर्सा पेनचा, म्हणजे कुळाच्या थोरल्या देवाचा कार्यक्रम त्याच्याशिवाय होत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं, वर्गात शिकवलंही होतं. तरी मानधन म्हणताना मला ते आठवलं नव्हतं. बँडवाल्याला सांगावं तसा निरोप मी त्यांना धाडला होता. ते रागावले नाहीत याचं मला अजून नवल वाटतं. एवढं अंतर चालून ते 'नाही' म्हणायला आले, तोच त्यांचा मोठेपणा होता. निरोपानंसुद्धा कळवता आलं असतं.

मग त्यांनी मुलांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "तुमच्यात कोण कोण गोंड?" चार हात वर झाले. कुळ कोणतं, सगा, म्हणजे कुळांचा गट, कोणती, सात भावांची, सहांची, पाचांची की चारांची, असं एकेकाला विचारत ते त्या मुलीपाशी आले. तिनं कुळ सांगितलं, आणि पुढचं बोलणं गोंडीत सुरू झालं. पाऊण तास ते दोघं बोलत होते. मधेच बाकीची तिन्ही गोंड मुलं त्यात ओढली गेली. ते हसले, एकदा त्यांनी कपाळाला हात लावला, एकदा काठीनं मातीत रेघा ओढून काही मांडलं आणि पुसलं.

आम्ही बाकीचे पंचवीस जण गप्प बसलो होतो. शेजारच्या मुलानं मला विचारलं, "सर, काय म्हणतायत?"

"मला गोंडी येत नाही," मी म्हणालो.

इतकी वर्षं किनवटला राहून, गोंडांचा इतिहास शिकवून, हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं. सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत अधिकारी म्हणून आदिलाबादेत आले तेव्हा ते गोंडी शिकले, पुढे त्यांनी तिचं व्याकरण लिहिलं. मराठी वाचक त्यांना शिवचरित्राचे, मोगल कागदपत्रांचे अभ्यासक म्हणून ओळखतो. फार्सी साधनांतून मराठ्यांचा इतिहास काढणारा तो माणूस गोंड गावात भाषा शिकायला बसला, ही त्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते. आम्ही शिक्षक त्यांच्या ग्रंथांची यादी पाठ करून घेतो, आणि नेमकी ही गोष्ट सोडून देतो.

गाडीत बसल्यावर मुलांनी तिला घेरलं. काय सांगितलं, काय सांगितलं? "घरचं विचारत होते," एवढंच ती म्हणाली.

रात्री मुक्कामी मी मुलांना कोमरम भीमबद्दल सांगितलं. निजामाच्या अमलात जंगल राखीव झालं, पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीवरून गोंड आणि कोलाम उठवले गेले, बाहेरून आलेल्यांना पट्टे मिळाले. जल, जंगल, जमीन म्हणत भीमनं बारा गावांसाठी लढा उभारला आणि 1940 मध्ये जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी त्याला मारलं. त्यानंतर सरकारनं ऑस्ट्रियाहून आलेल्या मानववंशशास्त्रज्ञाला, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फला, या लोकांच्या तक्रारी समजून घ्यायला धाडलं. तो मारलावाईला गोंडांमध्ये राहिला. त्याची आणि त्याची पत्नी बेट्टी एलिझाबेथ हिची समाधी त्याच गावात आहे. बोलताना मी 'बाहेरून आलेले' हा शब्द पुन्हा पुन्हा वापरत होतो. शेवटी एक मुलगा म्हणाला,

"सर, आमच्या पणजोबांना निजामाच्या काळात तिकडं जमीन मिळाली होती. घरी सांगतात, जंगल तोडून शेत केलं म्हणून."

कुणी काही बोललं नाही. गोंड मुलंही बोलली नाहीत. मी त्याला 'यात तुझा दोष नाही' असं म्हणालो नाही, कारण ते त्यालाही ठाऊक होतं आणि त्यानं दोष काढून घ्यायला सांगितलं नव्हतं. पट्टे मिळालेल्यांत तेलुगू होते तसे मराठीही होते. हे त्याच्या तोंडून आलं म्हणून खोलीत बसलेल्या सगळ्यांना ते खरं वाटलं. माझ्या पाच वर्षांच्या व्याख्यानांनी हे झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंद्रवेल्ली. गावाजवळ एक स्तूप आहे. 20 एप्रिल 1981 ला तिथं गिरिजन रयतु कुली संघमच्या सभेसाठी गोंड जमले होते, जमिनीच्याच प्रश्नावर. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारी आकडा 13 मृतांचा, गावोगावची माणसं याहून कितीतरी मोठा आकडा सांगतात. तो स्तूप एकदा पाडला गेला, पुन्हा उभा राहिला. कित्येक वर्षं 20 एप्रिलला तिथं जमायला बंदी असायची, आपल्या माणसांना फूल वाहायलाही पोलिसांच्या नजरेखालून जावं लागे. प्रवास कंपन्यांच्या यादीत आदिलाबादचा कुंतालाचा धबधबा असतो, हा स्तूप नसतो. माझ्याही यादीत आधी नव्हता. वाटेवर आहे म्हणून दोन मिनिटं थांबायचो. आता सहल इथूनच सुरू करतो. चाळीस वर्षांपूर्वीचं ज्यानं पाहिलं नाही, त्याला चारशे वर्षांपूर्वीची भिंत दाखवून काय होणार?

तिथून मुत्नूरवरून केस्लापूर जवळ आहे. केस्लापूरला नागोबा, मेश्राम कुळाचा देव. पौष अमावास्येला जत्रा भरते. त्याआधी मेश्राम मंडळी पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, गोदावरीवरच्या हस्तलमडुगूपर्यंत चालत जातात, कळशीत पाणी घेऊन तसंच चालत परत येतात आणि केस्लापूरच्या वडाखाली मुक्काम करतात. अमावास्येच्या रात्री त्या पाण्यानं महापूजा होते. कुळात नव्यानं आलेल्या सुनांची देवाशी भेट करून देतात, तिला 'भेटिंग' म्हणतात. ती झाल्याशिवाय सून कुळाची होत नाही. जत्रेतच दरबार भरतो, अधिकारी येतात, गोंड आपली गाऱ्हाणी मांडतात. हीसुद्धा हायमेनडॉर्फच्या काळापासून पडलेली रीत.

आम्ही गेलो तेव्हा जत्रा नव्हती, आवार शांत होतं. नवं दगडी देऊळ पाहून मुलं चकित झाली. मेश्राम कुळातल्या घरांनी आपापसांत वर्गणी काढून ते बांधलं आणि डिसेंबर 2022 मध्ये देवाची प्रतिष्ठापना केली. पुरातत्त्वावर नुकतंच टिपण काढलेल्या एका हुशार मुलीनं तिथल्या पटेलांना विचारलं, "पण जुनं देऊळ तसंच ठेवायला हवं होतं ना? वारसा म्हणून?"

पटेलांनी जरा वेळ तिच्याकडे पाहिलं. "बाई, तुमच्या घरचा देव्हारा मोडला तर तुम्ही तसाच ठेवता का?"

मला तिचा प्रश्न चुकीचा वाटत नाही. तिनं शिकल्याप्रमाणे विचारला. जुनं ते जसंच्या तसं राखावं, हे आमचं शास्त्र आहे, आणि ज्या वास्तूला कुणी वाली उरला नाही तिच्यासाठी ते योग्यही आहे. पण इथं वाली आहे. तो पैसे उभे करतो, दगड निवडतो, आणि आपल्या देवाचं घर कसं असावं हे ठरवतो. आपल्याला पडझडीची गोडी असते म्हणून त्यानं पडक्या घरात राहावं, ही अपेक्षा करणं मला आता असभ्यपणाचं वाटतं. ऑस्ट्रेलियात उलुरूच्या प्रचंड खडकावर चढू नका, असं तिथले मूळ मालक अनंगू लोक वर्षानुवर्षं सांगत होते. 1985 मध्ये जमीन त्यांच्या नावे परत झाली, तरी चढणं बंद व्हायला 26 ऑक्टोबर 2019 उजाडलं, आणि शेवटच्या दिवसांत चढणाऱ्यांची रांग लागली होती. हे मी मुलांना गाडीत सांगितलं. बुरजावर चढलेली ती दोन मुलं खिडकीबाहेर बघत बसली.

परत आल्यावर नेहमीप्रमाणे वह्या तपासायला आल्या. प्रत्येक स्थळाला एक पान, प्रत्येक पानाला दहा गुण, सोबत जिओटॅग केलेला फोटो. त्या मुलीची वही नीट होती. इंद्रवेल्लीवर दोन पानं, केस्लापूरवर दीड. उटनूरच्या पानावर वर तारीख, खाली 'परधान आजोबा भेटले', आणि बाकी पान कोरं.

मी तिला बोलावलं. खरं तर मला उत्सुकता होती. त्या पाऊण तासातलं निदान थोडं तरी कागदावर यावं असं वाटत होतं. असं काही पुस्तकात मिळत नाही, हेही तिला सांगून पाहिलं.

"सर, ते मला म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "वहीत लिहायला नाही सांगितलं."

मी तिला दहापैकी दहा दिले. त्यावर विभागात चर्चा झाली. कोऱ्या पानाला गुण कसे, उद्या सगळेच कोरं पान देतील, असा आक्षेप आला, आणि तो वाजवी होता. माझं म्हणणं एवढंच होतं की संशोधनाचा पहिला नियम तिनं पाळला : ज्याची माहिती, त्याची परवानगी. बाकीच्या पंचवीस वह्यांत त्याच भेटीची दोन-दोन पानं भरली होती, न कळलेल्या बोलण्याची वर्णनं, विनापरवाना काढलेले फोटो. त्यांतल्या एकालाही तो नियम सुचला नव्हता. मलाही नाही.

नारनूर भागातल्या गुंजाळा गावी गोंडी लिपीतली जुनी हस्तलिखितं निघाली, ती लिपी 2018 मध्ये युनिकोडमध्ये आली. आता मोबाइलवर ती उमटवता येते. घराघरातल्या पेटाऱ्यात ती हस्तलिखितं राहिली होती, आणि घरच्यांनी दाखवली म्हणूनच ती जगाला दिसली. या गोष्टीत मला लिपीइतकंच ते 'दाखवली म्हणून' महत्त्वाचं वाटतं. कुठली पेटी उघडायची आणि कधी, हे घरच्यांनी ठरवलं. माझ्या विद्यार्थिनीनं ठरवलं तसंच.

त्यानंतर सहलीत काही बदल केले. निघायच्या आधी आठवडाभर वर्गातली गोंड मुलं बाकीच्यांना गोंडी शिकवतात. येर म्हणजे पाणी, रोन म्हणजे घर, पेन म्हणजे देव, इथून सुरुवात. मीही त्या बाकावर बसतो. फोटो विचारून. जत्रेच्या दिवसांत सहल नाही. कुळाच्या पूजेच्या वेळी तीस वह्या घेऊन उभं राहणं बरं नाही. ज्यांना जायचं ते यात्रेकरू म्हणून आपल्या घरच्यांबरोबर जातात, आणि त्याचं टिपण मी मागत नाही. किकरीची मागणी पुन्हा केली नाही.

सर्वांत मोठा बदल पटेलांच्या एका प्रश्नामुळे झाला. दुसऱ्या वर्षी निरोप घेताना त्यांनी विचारलं, "गुरुजी, दर साली लिहून नेता. ते जातं कुठं?" खरं उत्तर असं होतं की ते विभागातल्या लोखंडी कपाटात जातं आणि पाच वर्षांनी रद्दीत. मी तेच सांगितलं.

गेल्या वर्षीपासून वह्यांच्या झेरॉक्स प्रती करून आम्ही गावात पोचवतो. मराठी वाचणारी माणसं तिथं आहेत. पहिला गठ्ठा महिन्याभरानं क्रुझरवाल्याबरोबर परत आला. पाणी आणायच्या वाटेवरच्या दोन गावांचा क्रम आम्ही उलटा लिहिला होता, तो लाल शाईनं सुधारला होता. एका वहीत सगांची नावं चुकली होती, ती बरोबर लिहून दिली होती. आणि एका मुलाच्या पानावर, देवळाच्या आतल्या फोटोवर, फुली मारून शेजारी मराठीत लिहिलं होतं, 'हा काढा.'

आम्ही तो काढला.